मुकुटावर कलप

रुमालाचे टोक ओले करून ते कानामागे फिरवायचे, रुमाल उजेडात धरून किती काळे आले ते पाहायचे, आणि घडी घालून खिशात ठेवायचा. शरणपूरच्या आमच्या चर्चमागच्या खोलीत बुधवारी बायबलचा अभ्यास होतो. तेथे माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या गृहस्थांचे हे आधी उरकत असे. वय ऐंशीच्या पुढे, केस मात्र कावळ्यासारखे. उकाड्यात कलप ओघळे. असा एखादा म्हातारा तुमच्याही पाहण्यात असेल, आणि तुम्हीही त्याच्यामागे हसला असाल.

कोणी विचारी, ‘काय बाबा, घोटीला मुलगी पाहायला निघालात?’ ते म्हणत, ‘तिकडचा तांदूळ चांगला. जाऊ की.’

आणि ‘कसे आहात?’ असे विचारले, की ठरलेले उत्तर : ‘मी काय, मी आहेच.’ तोही आम्हाला विनोदच वाटे.

मी या अभ्यासाला शाळेतून निवृत्त झाल्यावर, उशिराच लागलो. वर्गाबाहेर चारचौघांत बोलण्याचा मला संकोच. म्हणून ज्येष्ठांच्या सत्काराच्या रविवारी फलकावर लिहिण्याचे वचन निवडण्याचे काम माझ्याकडे आले. पिकलेले केस हा मुकुट आहे आणि तो धार्मिकतेच्या वाटेवर मिळतो, असे बायबलच्या नीतिसूत्रांत आहे. ते मला फार शोभेसे वाटले. सत्काराचा पहिला हार बाबांचा, हे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो.

ते मागील दारी स्टुलावर बसले होते, गळ्याभोवती जुना टॉवेल. त्यांच्या सूनबाई जुन्या टूथब्रशने कलप लावत होत्या. मी वचन ऐकवले. सूनबाईंचा हात थांबला. वाटी तशीच घेऊन त्या आत गेल्या.

मग ते खाली पाहत म्हणाले, ‘मास्तर, धार्मिक होता तो माझा पोरगा. एक केस पिकायच्या आत गेला. हा मुकुट घालून मी तिच्यासमोर जेवायला कसा बसू?’

बायबलातल्या दुःखी ईयोबाचे सांत्वन करायला आलेले मित्र निदान आधी सात दिवस गप्प बसले आणि मग बोलून चुकले. मी आधी बोललो.

सत्काराला ते आले नाहीत. यंदा उन्हाळ्यात ते आजारी पडले, आणि इस्पितळातून घरी आले ते शवपेटीतच. केस मुळाशी बोटभर पांढरे, वर काळे. एका शेजारणीने हळूच विचारले, ‘कलप लावायचा का गं? बाबांना लागायचा.’

सूनबाईंनी आतून कात्री आणली. उशाशी टॉवेल पसरून त्या वरचे काळे केस कापू लागल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘ते जगले याचा मला कधीच राग नव्हता, मास्तर. पण मी ते बोलले नाही. कलप लावत राहिले.’

टॉवेलवर काळे केस पडत होते, एवढेच मला दिसत होते. त्यांनी टॉवेल झटकला, कंगवा घेतला, आणि त्या आखूड पांढऱ्या केसांचा भांग पाडला.