पातळ मीठ आणि आमची लॅब

लॅबमध्ये चार वर्षं काढली की लेबल नसलेल्या बाटल्या साठतात, तसे किस्सेही साठतात. आत नेमकं काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं, पण फेकवतही नाही. बीडच्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होतो तेव्हाचे हे. मोबाईल फक्त पुढाऱ्यांच्या खिशात होते आणि मी पूर्णवेळ गोंधळलेला होतो.

*

माझे गाइड एकदा औरंगाबादहून जर्नलची झेरॉक्स घेऊन आले. तेलातल्या आम्लाचं एस्टर करायला आम्ही सल्फ्युरिक ॲसिड टाकायचो. ते एकदा वापरलं की वाया, वर भांडी खाणार. आता सरांना सापडलं होतं आयॉनिक लिक्विड, तेही आम्लधर्मी. म्हणजे मीठच, पण पातळ. काम झालं की तळाशी बसतं, काढून घ्यायचं आणि पुन्हा वापरायचं!

आमचे एचओडी शेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, पातळ मीठ म्हणजे मिठाचं पाणी ना? सर म्हणाले, पाणी अजिबात नाही, नुसतं मीठ.

एचओडींनी झेरॉक्स हातात घेतली. "मग ते पातळ कसं?"

सर म्हणाले, पुढची पानं वाचून सांगतो. पुढच्या पानांची झेरॉक्स काढायची राहिली होती.

*

चौसाळ्याला वडिलांचं किराणा दुकान. मी नक्की काय करतो, असं त्यांनी भर गिऱ्हाइकांत विचारलं. मी एस्टर समजावून सांगितलं. त्याचं वंगण होतं, ते साबणात जातं, डिझेलसारखं जळतंसुद्धा.

वडील साखर तोलत होते. "म्हंजे खायच्या तेलाचं न खायचं करतूस. अन् सरकार तुला स्कॉलरशिप देतंय?"

गिऱ्हाइकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच सरकारची काळजी वाटायला लागली.

*

तेलगावचे एक सरकीच्या मिलचे मालक आम्हाला तेलाचा गाळ फुकट द्यायचे. डिझेलसारखं जळतं हे ऐकल्यावर त्यांनी आमचं अर्धा लिटर एस्टर परस्पर मोटारसायकलच्या टाकीत ओतलं. अहो, ही गाडी पेट्रोलची, असं मी सांगेपर्यंत किक मारलीसुद्धा. नळीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली.

मालक खूश. "फाटकापोतर गेली की! आता फकस्त पुढचं बघा."

*

आणि हा आमच्या मामांचा. मामा म्हणजे लॅब अटेंडंट, वीस वर्षं तिथंच. माझा सगळा थिसिस एका प्रकरणावर उभा होता, तेच पातळ मीठ पाच वेळा वापरून दाखवायचं. ते बनवायला मला सहा महिने लागले होते आणि होतं एक छोटी बाटली. प्रयोग मी करायचो. नंतर थर वेगळे करून खालचा थर बाटलीत परत भरायचं काम मामांचं. कमी होऊ नये म्हणून मी बाटलीवर पेनानं खूण केली होती.

प्रक्रिया घडवून आणणारा कॅटॅलिस्ट जगभर वापरून वापरून मंद होतो. आमचा पाचव्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त एस्टर देत होता! कसं, ते मला कळेना. सरांनाही कळेना, पण त्यांना आनंद आवरेना. तेच आकडे घेऊन ते पुण्याला कॉन्फरन्सला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. पहिल्याच प्रयोगानंतर त्यांनी खालचा थर सिंकमध्ये ओतला होता. वीस वर्षं तेच करत आले होते, हातानं सवयीनं केलं. मग बाटली सल्फ्युरिक ॲसिडनं भरून ठेवली. त्यानंतर दरवेळी तसंच.

आम्ही दोघं एसटीडी बूथवर धावलो. सरांचं भाषण तासाभरावर होतं, हॉटेलच्या माणसानं त्यांना फोनवर बोलावलं. मी एका दमात सगळं सांगितलं. मीटर पळत होतं.

मग सर हळूच म्हणाले, "ॲसिड किती टाकलं होतं, ते विचार."

मी रिसीव्हरवर हात ठेवून मामांना विचारलं.

मामा खाली बघत म्हणाले, "किती म्हंजे? तुमची खूण व्हती तिथवर. बाटली रिकामी दिसली तर तुमी रडताल, म्हनून."