कवळीवाल्याचे चार सेकंद

माझा मेहुणा कवळ्या बनवतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत मेण, साचे आणि पॉलिशचं मशीन घेऊन तो पंचवीस वर्षं बसला आहे. दंतवैद्य माप पाठवतात, हा दात पाठवतो. घरात सगळे त्याला कवळीवालाच म्हणतात.

त्याच खोलीत अकरा वर्षं खपून त्यानं निओक्लासिकल हेवी मेटलचा अल्बम केला, हे मला गेल्या महिन्यात कळलं. पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाच्या सुरावटी, पण विजेच्या गिटारवर, भयानक वेगानं, आणि मागे ड्रमचा गडगडाट. पहिली रचना संपली तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला होता. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत न हसलेला हा माणूस, आणि त्याच्या पोटात हे?

अल्बम इंटरनेटवर गाजला. लगेच कुजबुजही सुरू झाली, की माणसाची बोटं इतकी पळत नाहीत, ही मशीनची करामत आहे. त्यानं जाहीर उत्तर दिलं की सगळं हातानंच वाजवलंय. मग अल्बम विकणाऱ्या कंपनीनं पुरावा मागितला. नववी रचना कॅमेऱ्यासमोर एका दमात वाजवायची आणि सोबत साक्षीदाराचं सहीचं पत्र द्यायचं. नाहीतर अल्बम काढून टाकणार.

साक्षीदार म्हणून त्यानं मला बोलावलं. विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासण्यात माझा जन्म गेला. मार्चमध्ये निवृत्त होईन. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही असं मी सांगून पाहिलं.

"म्हणूनच तुम्ही हवेत, भावोजी," तो म्हणाला. "तुम्ही फक्त घड्याळ बघाल."

रविवारी सकाळी त्यानं साचे बाजूला सारून कॅमेरा लावला आणि गिटार घेतली. माझी बायको दारात उभी राहिली. मी स्टॉपवॉच दाबलं. त्यानंतर त्याच्या डाव्या हाताची बोटं मला सुटी दिसेनातच. माणूस वाजवतोय हे डोळ्यांनी बघूनही पटत नव्हतं.

तो थांबला. माझ्या घड्याळात चार मिनिटं चव्वेचाळीस सेकंद. अल्बमवर चार मिनिटं चाळीस.

इतका फरक पडायचाच, असं मनाशी म्हणत मी सहीसाठी पेन उघडलं. त्यानं माझ्या हातातून पत्र काढून घेतलं. म्हणाला, अल्बमवरची शेवटची तान त्यानं वेगळी, सावकाश वाजवली होती आणि मशीनवर पळवली होती. तेवढीच. बाकी सगळं खरं.

मी पेन मिटलं. बायकोला मात्र धाकट्या भावाचा पुळका. चार सेकंदांचं काय घेऊन बसलास, असं ती त्याला समजावू लागली.

"ताई, खोटा दात मी सांगून बसवतो," तो म्हणाला. "हा न सांगता बसवला."

दुपारीच त्यानं व्हिडिओ जसाच्या तसा पाठवला, आणि खाली स्वतःच सगळं लिहून टाकलं. तिसऱ्या दिवशी कंपनीनं नऊच्या नऊ रचना काढून टाकल्या. अकरा वर्षं, आणि इंटरनेटवरच्या त्या पानावर आता काहीच नाही. मी चार वेळा उघडून पाहिलं.

त्याला धीर द्यावा म्हणून काल फोन केला. मागे पॉलिशचं मशीन घरघरत होतं. मी दोन शब्द बोलायच्या आत तोच म्हणाला,

"भावोजी, घड्याळ घेऊन रविवारी या. अडीच सेकंद राहिलेत."