वृंदाच्या घंगाळातलं स्वयंवर

आमची वृंदा, म्हणजे माझी धाकटी नणंद, कुणी तिच्या पाणवनस्पतींना शेवाळ म्हटलं की खवळायची. मला हे कुठून माहीत असणार? लग्न होऊन दिल्लीला करोल बागेत आले त्याच आठवड्यात न्हाणीघरात शिरले, सासूबाईंच्या माघारी उरलेलं पितळी घंगाळ हिरव्या धाग्यांनी भरलेलं पाहिलं आणि म्हणाले, "अगं बाई, केवढं हे शेवाळ!" झालं! वृंदाने मला दारातच उभं करून शिकवणी घेतली. शेवाळाला मूळ नसतं, खोड नसतं, फूल तर नसतंच. हिच्या लाडक्यांना सगळं असतं. घंगाळ त्यांच्या मालकीचं झालेलं असल्यामुळे आम्ही सारे बादलीने आंघोळ करायचो.

सत्तर-बहात्तरचा सुमार. वृंदा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी ओखल्याच्या बंधाऱ्यावर जाऊन पिशवी भरून आणायची. तिचा सगळा जीव दोन जातींत अडकला होता. एक पेक्टिनॅटस, दुसरी पुसिलस. दोन्ही केसासारख्या बारीक, दोन्ही चिखलाच्या वासाच्या. मला विचाराल तर एकाच माळेचे मणी.

वृंदाला लग्न करायचं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नातेवाईक उलटंच बोलायचे. तिला फक्त घंगाळ रिकामं करून सासरी जायचं नव्हतं. पण बघायला येणाऱ्यांपुढे ती हा विषय काढायची, मंडळी "कळवतो" म्हणून जिना उतरायची, आणि कळवतो म्हणजे काय ते आम्हाला कळायचं. माझे सासरे अण्णासाहेब सेक्रेटरिएटमध्ये होते. ते म्हणायचे, "सीतेच्या स्वयंवरात धनुष्य होतं, आमच्याकडे गवत आहे!" एकदा मात्र गच्चीवर कपडे वाळत घालताना वृंदा मला म्हणाली, "वहिनी, मी फार मागतेय का गं?" मला तिची इतकी कणव आली की हातातला ओला पिळा बादलीत टाकून मी तिला जवळ घेतलं.

फरीदाबादचा अविनाश आपल्या आईला घेऊन यायचा होता तेव्हा अण्णासाहेबांनी वृंदाला बजावलं, "आज पाण्यातलं काही बोलायचं नाही. बिल्कुल नाही."

ती बोललीच नाही. पोह्यांची बशी फिरली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग अविनाशच्या आई हात धुवायला आत गेल्या आणि बाहेर येऊन काळजीने म्हणाल्या, "तुमच्याकडे पाणी तुंबतं का हो? घंगाळात फार शेवाळ झालंय."

अण्णासाहेबांनी डोळे मिटले. वृंदा उठली, स्टीलच्या ताटलीत दोन काड्या घेऊन आली आणि ताटली अविनाशच्या पोह्यांशेजारी ठेवली. "एकच आहे की दोन वेगळ्या?"

त्याने चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "दिसायला तर एकच."

वृंदाचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, हाही जिना उतरला. पण गृहस्थाच्या हाताला चैन नव्हती. त्याने एका काडीचं पान ओढलं, तर पानाबरोबर खोडाभोवतीची पातळ बाहीसुद्धा सुटून आली. तो लाजून चूर. "सॉरी हं, हळूच ओढलं होतं," म्हणत ती बाही परत बसवायला लागला.

"राहू दे," वृंदा म्हणाली. "आता दुसरीचं ओढा."

त्याने ओढलं. या वेळी नुसतं पान हातात आलं, बाही खोडालाच राहिली. अविनाश ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. पोहे विसरून तो ओरडला, "अच्छा! म्हणजे तिथे बाही पानाला वेल्ड केलेली आहे आणि इथे सुटी आहे! मग एकच कशा असतील?"

बघायला आलेल्यांपुढे मुलीने खळखळून हसायचं नसतं. वृंदा हसली. अविनाशच्या आई मुलाकडे आणि ताटलीकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

निघताना त्या "कळवतो" म्हणणार, तेवढ्यात बुटाची नाडी बांधता बांधता अविनाश म्हणाला, "आमच्या क्वार्टरमागे सिमेंटची टाकी आहे, रिकामीच असते. पण फरीदाबादचं पाणी खारट आहे हो. जगतील का ह्या?"

जिन्याच्या तोंडाशी अण्णासाहेबांनी माझा हात घट्ट धरला.

"पुसिलस कुरकुर करेल," वृंदा म्हणाली. "पेक्टिनॅटसला खारं पाणी चालतं." मग पायाच्या अंगठ्याकडे बघत हळूच म्हणाली, "मलाही चालेल."