गुड फ्रायडेची तेलखरेदी

बत्तीस वर्षं खाकीत काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले निम्मे आता तारीखवार आठवतही नाहीत. हे एक प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. यात रक्त सांडलं नाही, कुणी फरार झालं नाही. उलट एक माणूस आपणहून अटक करून घ्यायला तयार होता, आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त वैताग दिला. नावं कुणाचीच देणार नाही.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. विरार पश्चिमेच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. हद्द मोठी चमत्कारिक. एकीकडे वीस-वीस मजल्यांचे टॉवर, दुसरीकडे आगाशी, नंदाखालच्या केळी-नारळाच्या वाड्या. पार्किंगवरून भांडणारे आणि बांधावरून भांडणारे सकाळी ठाणे अंमलदारासमोर एकाच बाकावर बसलेले असायचे. मी साताऱ्याकडचा. इथली माणसं मला हळूहळू कळत गेली, तीही पुरती नाहीच.

मे महिन्यातल्या एका सोमवारी नंदाखालकडच्या एका वाडीतले पंधरा-सोळा लोक ठाण्यात आले. बहुतेक ख्रिस्ती बागायतदार. आपसात त्यांची बोली चाललेली, माझ्याशी मराठी. पुढे एक साठीची विधवा बाई होती. ती बसलीच नाही.

"साहेब, त्याला आत घाला. आम्हा बावीस घरांचं बुडवलं त्याने."

"कोणी?"

"माझ्या शेजाऱ्याने. माझी आणि त्याची विहीर एक आहे साहेब, आणखी काय सांगू?"

तो शेजारी म्हणजे पासष्टीचा एक गृहस्थ. मी त्याला इथे काका म्हणतो. तीस वर्षं आखातात तेलाच्या साठवण टाक्यांवर नोकरी करून तो वाडीत परतला होता. घरी भिंतीवर जगाचा नकाशा. रविवारी संध्याकाळी त्याच्या ओट्यावर माणसं जमायची आणि तो त्यांना जगाच्या बातम्या समजावून सांगायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. खत महागलं, पंपाचं डिझेल महागलं, टेम्पोचं भाडं वाढलं, हे सगळं तेलापायी. दोन देशांत लढाई पेटली, आखातात जहाजं अडली, की आपल्या वांग्यातला नफा गेलाच. मग ज्या तेलामुळे आपण मार खातो त्याच तेलाच्या, विजेच्या कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवावेत. महागाई वाढली तर इकडे नुकसान, तिकडे भरपाई.

खरं सांगतो, त्या ओट्यावर बसलो असतो तर मीही पैसे काढून दिले असते.

शेअर घ्यायचे कसे, हे मात्र काकाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेला एक जण आपल्या पायाने चालत आला. टॉवरमध्ये राहणारा बत्तीस वर्षांचा तरुण, अंधेरीला नोकरी, रविवारी वाडीत ताजी भाजी घ्यायला यायचा. ओट्यावरच्या गप्पा ऐकून त्याने सांगितलं, मी गुंतवणुकीचा सल्लागार आहे. त्याने काकाच्या फोनवर एक अॅप टाकून दिलं. त्यात शेअरचे आकडे रोज हलायचे आणि बहुतेक वेळा चढायचे. आठ महिने चढले. मग एका सकाळी अॅप उघडेना.

आता तपासातली अडचण सांगतो. त्या वाडीत एक जुनी पद्धत आहे. सगळ्यांच्या भाजीच्या टोपल्या एकच माणूस दादरला नेतो, विकतो आणि ज्याचे त्याचे पैसे संध्याकाळी हातात ठेवतो. चिठ्ठी नाही, सही नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणाचा रुपया गेलेला नाही. शेअरचे पैसेही त्यांनी तसेच दिले. बावीस घरांनी काकाच्या खात्यात टाकले आणि काकाने एकगठ्ठा पुढे पाठवले. सल्लागाराचं नाव कुठल्याच कागदावर नाही. पैसे गेले ती खाती परराज्यातल्या भाडोत्री नावांची, रिकामी करून टाकलेली. कागद पाहणाऱ्याला एकच माणूस दिसत होता, आणि तो काका.

गुन्हा नोंदवला. काकाला नोटीस पाठवली तर तो नोटीस पोचायच्या आधीच हजर. काखेत कापडी पिशवी, पिशवीत वाडीचा सातबारा.

"लिहून घ्या साहेब. मीच जबाबदार."

"जबाबदार म्हणजे? पैसे तुम्ही खाल्ले?"

"मी सांगितलं म्हणून त्यांनी दिले."

"अहो, मी ते विचारत नाही. तुम्ही खाल्ले का?"

"वाडी विकून देतो सगळ्यांचे. तेवढं लिहा. मग आत घाला."

तीन तास हेच. मी शेवटी चिडून टेबलावर हात आपटला. आयुष्यभर कबूल न होणाऱ्यांशी झगडलो, आणि हा बाबा न केलेलंही कबूल करायला बसलेला! चोर इतक्या लवकर कबूल होत नाही आणि सातबारा घेऊन तर मुळीच येत नाही, एवढं मला कळत होतं. पण मला कळून काय उपयोग? कोर्टाला कागद लागतो. त्याचा जबाब जसाच्या तसा नोंदवला असता तर संध्याकाळी तो कोठडीत आणि महिन्याभरात वाडी बिल्डरच्या घशात. मी जबाब अर्धवट ठेवला आणि त्याला घरी पाठवलं. जाताना तो म्हणाला, "साहेब, रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी माझ्या बाकावर आता कोणी बसत नाही." तक्रारीच्या सुरात नाही, हजेरी द्यावी तसं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सल्लागाराला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. बसल्याबसल्या पाणी मागितलं नाही, वकील मागितला नाही. असा माणूस एकतर निर्दोष असतो किंवा तयारी करून आलेला असतो.

"सर, मी तर फक्त गाइड करत होतो. फ्री ऑफ चार्ज. अॅप मला पण कोणीतरी फॉरवर्ड केलेलं. माझे पण पैसे अडकलेत. ऑर्डर सगळ्या अंकलच द्यायचे. ते फोन करून सांगायचे, मी फक्त त्यांच्या लॉगिनवरून टाकायचो, कारण त्यांना जमायचं नाही."

"फोनची नोंद?"

"इंटरनेट कॉल असायचे ना सर, कंपनीकडे रेकॉर्ड नाही मिळणार. पण मी लिहून ठेवायचो." आणि त्याने फाइलमधून एक छापील तक्ता काढला. तारीख, वेळ, कुठल्या तेल कंपनीचे किती शेअर, आणि प्रत्येक ओळीपुढे 'अंकलच्या तोंडी सूचनेवरून'.

तक्ता व्यवस्थित होता. फारच व्यवस्थित. मी तो दोनदा वाचला आणि मला त्यात काहीही सापडलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

सापडलं ते आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदाराला. पगारातून दरमहा थोडे पैसे बाजारात टाकणारी ठाण्यात ती एकटीच. जप्तीची यादी करताना तिने तक्ता हातात घेतला आणि हसायलाच लागली.

"साहेब, ही सगळ्यात मोठी खरेदी बघा. दुपारी तीन वाजून पाच मिनिटं. त्या दिवशी गुड फ्रायडे होता."

"मग?"

"गुड फ्रायडेला शेअर बाजार बंद असतो. ज्याने आयुष्यात एक जरी शेअर घेतलाय त्याला हे पाठ असतं. या शहाण्याने कधी घेतलेलाच नाही!"

मी खुर्चीतून उठलो. पैसे काकाच्या खात्यातून आदल्या दिवशी, गुरुवारी, गेले होते. म्हणजे तक्ता रचताना त्याला लगेचची एक ऑर्डर दाखवावी लागणार होती. बाजार साडेतीनला बंद होतो एवढं त्याने कुठूनतरी शोधून काढलं, म्हणून तीन-पाचची वेळ टाकली. त्याच्या ऑफिसला त्या दिवशी सुट्टी नव्हती, म्हणून त्याच्या लेखी तो साधा शुक्रवार. गुड फ्रायडे त्याच्या डोक्यातही आला नाही. पण एवढ्याने काका सुटत नव्हता. वकील म्हणाला असता, म्हाताऱ्यानेच खोटी ऑर्डर दिली आणि या पोराने मुकाट लिहून घेतली. त्या दिवशी दुपारी तीनला काका कुठे होता, ते मला हवं होतं.

सरळ त्या विधवा बाईकडे गेलो. ती दारात केळीचे घड मोजत होती. मुद्दाम तिलाच निवडलं, कारण काकावर सगळ्यात जास्त डूख तिचा होता.

"बाई, गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता तुमचा शेजारी कुठे होता?"

"चर्चमध्ये. आणखी कुठे असणार? प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन त्याच्याकडेच होतं."

"किती वेळ?"

"तीनला सुरू झालं. वाचन, मग क्रूसाला नमन. साडेचारपर्यंत कोणी हललं नाही. मी दुसऱ्या बाकावर होते."

"मध्ये फोनवर बोलला असेल."

बाई माझ्यावर भडकलीच. "काय बोलता साहेब! त्या दिवशी आमच्याकडे कोणी फोनला हात लावत नाही, आणि तो समोर उभा राहून वाचत होता. अख्खा गाव बघत होता त्याला!"

"मग हेच जबाबात लिहून द्याल?"

आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग हातातला घड तिने खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे त्याने नाही केलं?" मी म्हटलं, आधी सही करा. तिने सही केली. तिच्यामागे आणखी अकरा जणांनी केली. जे त्याला आत घालायला ठाण्यात आले होते, तेच त्याचे साक्षीदार झाले.

मग सल्लागाराला पुन्हा बोलावलं. चहा दिला. घाई केली नाही. घाई केली की खोटं बोलणारा सावध होतो. त्याला ऐसपैस बोलू द्यावं, तो स्वतःच दोरी लांबवत नेतो.

"तो तीन-पाचचा कॉल नीट आठवतो का तुम्हाला?"

"एकदम नीट सर. अंकल वाडीतूनच बोलत होते. मागे पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता. म्हणाले, लढाई वाढणार आहे, जेवढे मिळतील तेवढे उचल."

"पंपाचा आवाज. नक्की?"

"शंभर टक्के सर."

हे जबाबात घातलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग त्याच्यापुढे भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. त्या दिवशी त्या वाडीत पंपच काय, साधी कुदळसुद्धा कोणी उचलत नाही. त्याने तारीख वाचली, मग बारा सह्यांचा कागद वाचला, आणि मग त्याने पहिल्यांदा पाणी मागितलं. तासाभरात अॅप कुणी बनवून दिलं, त्याचा वाटा कुठे गेला, सगळं बाहेर आलं. आर्थिक गुन्हे शाखेला कळवलं, दोन खाती गोठवली. त्यात जे सापडलं ते बावीस घरांना पुढे कोर्टाकडून थोडंथोडं मिळालं. बरंचसं गेलं ते गेलंच.

काकाला शेवटच्या जबाबासाठी बोलावलं तेव्हा सांगितलं, "तुम्ही आता आरोपी नाही, साक्षीदार आहात. सातबारा घरी घेऊन जा." त्याने सातबारा पिशवीत घातला. मग हवालदारबाईकडे वळून विचारलं, "पोरी, ते शेअर खरंच चढले का गं? खऱ्या बाजारात?"

तिने फोनवर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी 'सांग' म्हणून मान हलवली.

"हो काका. तुम्ही सांगितलेल्या चारपैकी तीन चढलेत. चांगलेच."

मला वाटलं म्हातारा रडेल. त्याच्या चेहऱ्यावर आधी समाधान आलं, अगदी शाळेत उत्तर बरोबर आलेल्या पोरासारखं, आणि दुसऱ्या क्षणी तो घाबरला. त्याने माझा हात धरला.

"साहेब, हे वाडीत कोणाला सांगू नका."

"का? तुमचा अंदाज बरोबर होता हे तरी कळू दे त्यांना."

"मी मूर्ख होतो, फसलो, म्हणून ते मला आज ना उद्या माफ करतील. मी बरोबर होतो आणि तरी त्यांच्या हाती काही आलं नाही, हे कळलं तर नाही करणार."

मी नोकरीभर मानत आलो की माणूस फसतो तो हावेपायी किंवा अडाणीपणापायी. इथे हाव नव्हती, आणि अडाणीपणा तर नव्हताच. लढाई खरी होती, महागाई खरी होती, तेल चढणार हेही खरं होतं. खोटा होता तो फक्त समोर बसलेला माणूस. सगळं इतकं खरं असताना त्याच्याकडे निरखून पाहायचं कुणाला सुचलं नाही. त्यानंतर कुणी मला एखादी योजना समजावून सांगायला लागलं की मी योजना ऐकत नाही, सांगणाऱ्याकडे बघत बसतो.

त्या संध्याकाळी काकाला शब्द दिला. वाडीतल्या लोकांनी बाजाराकडे बघणंच सोडून दिलं होतं, त्यामुळे तो पाळणं अवघड गेलं नाही. ती विधवा बाई पुढे एकदा आगाशीच्या बाजारात भेटली. म्हणाली, "साहेब, बिचाऱ्याला काही कळत नव्हतं हो, उगाच त्याला बोललो आम्ही." मी म्हटलं, हो, काही कळत नव्हतं त्याला.