टाक्यांवरचा वास

समोर कोणी आलं की आमचे शेजारी आधी त्याच्या तोंडासमोर फुंकर मारत. "हुंगा आधी, मंग बोला." नमस्कार त्यानंतर.

असा नमस्कार तुम्हीही कुठे पाहिला नसेल. केजजवळच्या आमच्या कारखान्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली झाडं, दळून शिजवतात. त्यातून सुटलेल्या साखरेत यीस्ट सोडतात आणि आंबलं की पेट्रोलमध्ये मिसळायचं इंधन काढतात. मी ट्रॅक्टर तोलायच्या वजनकाट्यावर, ते आंबवण्याच्या टाक्यांवर. राहायला शेजारी. आता ते निवृत्त होऊन गावी गेलेत.

चहासुद्धा न घेणारा माणूस. पण इंधन म्हटलं तरी तो मद्यार्कच. पाळी संपेपर्यंत सदरा, केस, टॉवेल, सगळ्याला गुत्त्याचा वास. एसटीत शेजारचा उठून जाई. ते म्हणत, "बरं झालं, ऐसपैस बसाय मिळालं."

हे हसणं थांबलं लेकीच्या सोयरिकीत. मुलगी पसंत पडली होती. मग मध्यस्थाकडून निरोप आला: बाप पितो, हे घर नको. त्या दिवसापासून त्यांनी फुंकर मारणं सोडलं. मला एवढंच म्हणाले, "पोरीला काय सांगू? माझ्या नोकरीनं तुझं मोडलं?"

मी मध्यस्थाला म्हटलं, नकार द्यायचाच तर कारखाना बघून द्या. मुलाचे आईवडील आले. आई माझ्या केबिनमध्ये पंख्याखाली बसली, वडील टाक्यांकडे गेले. आमच्या शेजाऱ्यांना दाखवायची भारी हौस. त्यांनी फेस दाखवला, बुडबुडे कशाने येतात ते सांगितलं, एक टाकी सोडली नाही. चांगला तासभर गेला.

वडील परत येऊन बायकोशेजारी बसले, तशी ती पदर नाकाला लावून सरकली.

"तुमी कवा घेतली?"

"घेतली न्हाई गं. नुस्ता हुबा होतो तितं."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. "मंग त्यांनी तरी काय केलंतं?"

वडील खाली मान घालून हसले. दारातल्या आमच्या शेजाऱ्यांना म्हणाले, "पाव्हणं, तारीख काढा."

शेजारी बाहेर जाऊन काट्याच्या लोखंडी पत्र्यावरच मटकन बसले. माझ्यासमोरच्या पडद्यावर साठ किलोचा आकडा उमटला. मागे पऱ्हाट्यांचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून हात दाखवला, थांब जरा.