आठानंतर पाच

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते आणि मी माझा डबा भरत होते. भूमहून त्यांच्या शेजारच्या कमलताई बोलत होत्या. "झोपेतच गेल्या बघा. काही त्रास न्हाय झाला." मी डबा पूर्ण भरला, कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी केली आणि मगच खाली बसले.

वडिलांच्या या थोरल्या बहीण भूमला एकट्याच राहायच्या. दोन वर्षांमागं अंगणातली वाळलेली लुगडी काढताना त्यांचा तोल गेला. हाड वाचलं, पण मी नोकरीसाठी धाराशिवला. दर वेळी धावता येणार नव्हतं. म्हणून इथल्या फिजिओथेरपिस्टला विचारून, मोठ्या अक्षरांत लिहून, त्यांच्या ओट्यावरच्या भिंतीला कागद चिकटवला. ओटा धरून एका पायावर दहा आकडे, मग दुसरा पाय. फरशीच्या रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालायचं. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. "या वयात बगळा करतीस व्हय मला?" म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशीपासून उभ्या राहिल्या.

रोज सातला मी फोन करायचे. तो स्पीकरवर टाकून त्या मोठ्यानं मोजायच्या. सातपर्यंत सरळ, आठाला हमखास अडायच्या. "आठ... अगं, कमलची म्हैस व्याली पहाटं. रेडकू लई गोड हाय... कुठवर आलते मी?"

"आठ झाले, आत्या. पाय टेकला का?"

"टेकला की. बोलताना कशाला लटकवू? आन् आठ न्हाय, पाचच झाले असतील."

मग पुन्हा पाचपासून. पाच मिनिटांचा व्यायाम वीस मिनिटं चालायचा आणि मला ऑफिसला उशीर व्हायचा. शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात मी सोय लावली. भिंतीवर कॅलेंडर टांगलं, दोरीनं पेन बांधलं. "आता फोनवर मोजायला नको. व्यायाम झाला की खूण करा, मी रविवारी विचारीन." त्या म्हणाल्या, "बरं. तुझी घाई असती." मला वाटलं, एक काम मार्गी लागलं.

दिवसकार्य उरकल्यावर घर आवरताना ते कॅलेंडर हातात घेतलं. शेवटच्या दिवसापर्यंत एकही खूण चुकलेली नव्हती. त्यांनी ऐकलं, याचं बरंही वाटलं. चहा घेऊन आलेल्या कमलताई म्हणाल्या, "तुमचा लई आधार होता त्यांना. अगदी शेवटपर्यंत रोज सातला ओट्यावर फोन ठेवून तुमच्यासंगं मोजायच्या. माझ्या म्हशीचं सगळं पुराण तुम्हाला पाठ झालं असंल."

मी हो म्हणाले. चार महिने रविवारशिवाय मी फोन केलाच नव्हता...

आता सातला मीच माझ्या ओट्याशी एका पायावर उभी राहते. वय माझंही होत आलंय आणि व्यायामाची यादी तयारच आहे. मोठ्यानं मोजते. आठाला येते, पाय टेकते, थोडा वेळ थांबते. मग पाचपासून पुन्हा.