सायप्रसचं देऊळ

कुठलंही देऊळ दिसलं की आबा आधी दाराकडं बघायचे. "कुलूप हाय," असं पुटपुटून पुढं चालू लागायचे. मग म्हणायचे, "तिथं नव्हतं."

एकच गोष्ट जन्मभर सांगणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्या शिरूरच्या एसटी डेपोत फाटकावर आबा होते. कवठे येमाईचे धनगर. महायुद्धात खेचरांच्या पलटणीतून सायप्रस बेटावर जाऊन आलेले. तिथल्या डोंगरात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचं एक जुनं गाव होतं. देवळं शेकडो वर्षांची, गोठ्यासारखी उतरत्या छपरांची. बर्फात खेचर घसरलं, आबांचा पाय मोडला. एका म्हातारीनं त्यांना देवळात निजवलं.

"भितीभर संत रंगवल्यालं. डोळं ह्ये एवढालं. म्हातारीनं पाव दिला, माझ्यासाठी मेणबत्ती लावली. जात न्हाई इचारली."

डेपोतले हसायचे. "आबा, तिथंच ऱ्हायचं की."

आबा परतले तेव्हा बायको वारली होती. मुलगी भावानं वाढवली. तिचं लग्न ठरलं त्या वर्षी बायकोच्या नावानं मेणबत्ती घेऊन आबा इथल्या चर्चमध्ये गेले. पाळक भला माणूस. म्हणाले, "बसा आबा. पण गेलेल्यांसाठी मेणबत्ती आमच्यात लावत नाहीत." आबा घटकाभर बसले आणि उठून आले.

बाजाराचा दिवस होता. कुणीतरी पाहिलं. आबा बाटले, अशी कवठ्यात हूल उठली आणि सोयरीक मोडायला आली.

धाकटा भाऊ डेपोत आला. बसलासुद्धा नाही.

"दादा, लगीन व्हईल. पर तुम्ही मांडवात यायचं न्हाई."

"मी बाप हाय तिचा."

"म्हून तर सांगतुया."

लग्नाच्या दिवशी आबा फाटकावरच होते. मी डबा उघडून हाक मारली. म्हणाले, "तुम्ही जेवा. आज उपास हाय." कन्यादान होईपर्यंत मुलीचा बाप जेवत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्याच पावसाळ्यात आबा न्यूमोनियानं गेले. निरोप धाडूनही भावकीतलं कुणी फिरकलं नाही. ड्रायव्हर-कंडक्टरांनीच खांदा दिला.

पहिल्या दिवाळीला मुलगी माहेरी निघाली होती. शिरूरला गाडी बदलायला उतरली, ती फडक्यात बांधलेल्या करंज्या घेऊन थेट फाटकाशी आली. चुलत्यानं तिला काही कळवलं नव्हतं.

"मामा," तिनं मला विचारलं, "आमचं आबा कवा येत्याल ड्युटीवर?"